बिनकानाचा कप

पन्हाळ्यावरच्या आमच्या घराला मागच्या दाराशी एक कोनाडा होता. त्यात एक पांढरा कप कायम पालथा घातलेला असायचा. त्याचा कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला. टवके उडालेले कप घरात आणखीही होते, पण ते स्वयंपाकघरातल्या फळीवर. हा एकटाच दाराबाहेर. पावसाळ्यात गडावर धुकं उतरलं की मागच्या दारानं थेट घरात शिरायचं, आणि जाता जाता त्या कपाच्या बुडावर पाण्याचे थेंब ठेवून जायचं. मी सात-आठ वर्षांची होते. मला वाटायचं, या कपानं काहीतरी आगळीक केलीय, म्हणून आजीनं त्याला बाहेर उभं केलंय.

तो कप आक्काचा होता. आक्का म्हणजे आमच्या बोळात झाडलोट करायला येणारी बाई. ही १९७० च्या आगेमागची गोष्ट. हातात खराटा, वर खोचलेलं लुगडं, पावसात डोक्यावर पोत्याची खोळ. बोळ झाडून, गटार मोकळं करून झालं की ती आमच्या परसात जास्वंदीपाशी येऊन उभी राहायची. चहा मागायची नाही. नुसती उभी राहायची. मग कोनाड्यातला कप स्वतःच उचलून पुढं धरायची आणि आजी वरून, पातेलं कपाला लागू न देता, चहा ओतायची. इतक्या उंचावरून ओतूनही एक थेंब बाहेर सांडत नसे. आजीच्या त्या हाताचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

आजी दुष्ट नव्हती. दिवाळीला आक्काला पाटी भरून फराळ, संक्रांतीला तिळगूळ, सुगीला जोंधळे. देण्यात तिनं कधी हात आखडता घेतला नाही. आणि कोल्हापूर भागातल्या त्या पिढीच्या माणसांना असायच्या तशा तिलाही शाहू महाराजांच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. त्यातली लाडकी गोष्ट गंगाराम कांबळ्यांची. गंगाराम महाराजांच्या पदरी नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच माणसांनी त्यांना मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना सांगितलं, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. आता अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराजांची गाडीच त्या दारात थांबू लागली. महाराज तिथला चहा स्वतः पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी घेतलेल्या चहाला नाही म्हणायची कुणाची टाप होती?

गोष्ट संपली की आजी पदरानं डोळे टिपायची. मागं कोनाड्यात कप तसाच असायचा. गोष्टीतला चहा आणि परसातला चहा एकच, हे तिच्या ध्यानात कधी आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

एका सकाळी तो कप आईच्या हातून फुटला. आईच्या हातून त्याआधी किंवा त्यानंतर काही फुटल्याचं मला आठवत नाही. लग्नातल्या निळ्या फुलांच्या कपबश्या ती गेली तेव्हाही सहाच्या सहा शाबूत होत्या. आजीनं विचारलं, "बाहेरचा कप तू कशाला धुवायला घेतलास?" आई म्हणाली, "निसटला." एवढंच.

आक्का आली. कोनाडा रिकामा बघून बावरली. आईनं फळीवरचा निळ्या फुलांचा कप घेतला, भरला आणि तिच्या हातात दिला. मग स्वतःला दुसरा भरून घेतला आणि मागच्या पायरीवर बसली. आक्का उभीच. आई म्हणाली, "बसा की आक्का. तुम्ही उभ्या राहिल्यावर मला बसून चहा कसा जायचा?" आक्का पायरीच्या अगदी कडेला, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशी, टेकली. दोघी काही बोलल्या नाहीत. पाऊस बघत चहा प्याल्या.

आजी दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आक्काला कप देताना आईच्या मागून तिचा आवाज आला, "निस्ता कप काय देतीस? बशी दे की."

आमच्या घरात सुधारणेचा जो काही इतिहास आहे तो एवढाच.

आईच्या अशा बारीकसारीक रीती होत्या. त्यांना तिनं कधी नाव दिलं नाही. गडावर राहणाऱ्याला एक गोष्ट विसरता येत नाही: आपल्या दारात येणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी वर चढवून आणलेली असते. दूध, पोस्टातलं पत्र, मीठ, रॉकेल, पुढं गॅसची टाकी. म्हणून उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा कायम तयार. आलेल्याला कामाचं विचारायचं ते पाणी पिऊन झाल्यावर. दूधवाल्याचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला, मोजून, सुट्ट्यांसह. "त्यानं मागायला लागलं तर ते पैसे दिल्यासारखं न्हाई," असं ती म्हणायची. केरात काच असली तर जाड कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून, वेगळी द्यायची. त्या केरात कुणाचा तरी हात जाणार हे तिला दिसायचं.

खालच्या वाड्या-गावांतून बायका डोक्यावर पाटी घेऊन यायच्या. अजूनही येतात. तबक उद्यानाच्या अलीकडं पलीकडं, अंधारबावेजवळ, पर्यटकांची गर्दी असेल तिथं त्या बसतात. झुणका, भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत, गाडग्यातलं दही. एकदा मुंबईचे पाहुणे घरी आले होते. त्यातल्या एकांनी भाकरीच्या दरावरून एका मावशींशी बरीच हुज्जत घातली आणि चार रुपये कमी करून आणले. घरी आल्यावर मोठ्या फुशारकीनं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. संध्याकाळी मला हाताला धरून अंधारबावेपर्यंत नेलं, मावशींच्या हातात चार रुपये ठेवले आणि म्हणाली, "पाहुण्यांना गडाची सवय न्हाई." मावशींनी पैसे कनवटीला लावले आणि एक भाकरी माझ्या हातात दिली. म्हणजे हिशेब पुन्हा आमच्याच अंगावर आला! आई हसत म्हणाली, "हे असंच चालायचं. फिटलं की येणं-जाणं संपतं."

तिचं बघून मीही थोडंफार शिकले, पण माझी शिकवणी अडखळत झाली. एकदा कोल्हापूरहून शेवटच्या एस.टी.नं पन्हाळ्याला येत होते. वाघबिळाच्या पुढं घाटात एवढं धुकं की समोरचा दिवा दिसेना. कंडक्टर खाली उतरला आणि हातात टॉर्च घेऊन गाडीपुढं चालत राहिला. कितीतरी वळणं. वर पोचल्यावर मी त्याला म्हटलं, "तुमच्या तक्रारवहीत मला लिहायचंय." त्याचा चेहरा उतरला. "ताई, काय चुकलं का? गाडी हळू आणली ती धुक्यामुळं." मी म्हटलं, "तक्रार न्हाई वं, चांगलं लिहायचंय." त्याला ते पटेचना. ड्रायव्हर येऊन उभा राहिला. शेवटी वही मिळाली. त्यात सगळी पानं उशीर, सुट्टे पैसे आणि उद्धट बोलणं यांनी भरलेली. मी चार ओळी लिहिल्या, तारीख टाकली, सही केली. कंडक्टरनं त्या दोनदा वाचल्या आणि विचारलं, "ह्याचा फोटो काढू का?" आपल्याकडं माणसाला शाबासकी द्यायची तर तीही तक्रारवहीतच लिहावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

पण हे सगळं देण्याच्या बाजूचं झालं. घेण्याच्या बाजूला माझ्या नावावर जे आहे ते वेगळंच आहे.

जुलै २०२१. कोविडमुळं मी आईपाशी गडावरच मुक्कामाला होते. तिनं ऐंशी ओलांडलेली, पण परसातली फुलं अजून स्वतः काढायची. त्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की खाली पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली, आणि वर गडावर येणारा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचला. इंग्रजांनी १८४४ साली पाडलेला तो दरवाजा. नाव तेवढं उरलेलं. आता तिथली वाटही गेली. गाड्या बंद. गड पुन्हा जुन्या काळातला झाला, पायानं यायचं आणि पायानं जायचं.

२४ तारखेच्या सकाळी आई परसात शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गडावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हे इथं व्हायचं नाही, खाली न्यावं लागेल. कसं नेणार? वीज नाही, फोनला रेंज येते-जाते. मी दारात उभी होते. बोळातून गॅसवाला येत होता. रस्ता खचल्यापासून टाक्यांची गाडी खचलेल्या जागेच्या खालीच थांबायची आणि तो टाक्या खांद्यावरून वर आणायचा. भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास जाते. त्यानं माझं तोंड बघितलं, खांद्यावरची टाकी उतरवून आमच्या ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "आज्जी कुठं हायत?"

अर्ध्या तासात तो चौघांना घेऊन आला. वीजमंडळाचा वायरमन, भाकरीवाल्या मावशींचा मुलगा, पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एकजण, आणि नगरपरिषदेच्या घंटागाडीवरचा एक पोरगेला कामगार. बाजेला दोन्ही अंगांनी बांबू बांधले. आईला हळूच वर घेतलं, अंगावर घोंगडं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. चौघे बांबूला, पाचवा खांदा बदलायला. नाकावरचे मास्क पावसानं भिजून तोंडाला चिकटायला लागले, मग एकेकानं ते गळ्यात ओढले. मी छत्री धरून बाजूनं चालत होते. त्या पावसात छत्रीचा उपयोग एवढाच की माझ्या हाताला काहीतरी काम होतं.

खचलेल्या जागेपाशी सगळे थांबले. कडेकडेनं माणूस जाईल एवढी चिखलाची वाट. घोडेवाला पुढं झाला, पाय रोवून बघत बघत बाकीच्यांना हाक देत राहिला. "डावा पाय... थांब... आता टाक." बाज हलू नये म्हणून वायरमननं एका ठिकाणी बांबू खांद्यावरून काढून सरळ छातीशी धरला. आईला कळा सोसवत नव्हत्या, पण पलीकडं गेल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "जित्तेपणीच खांदा दिलासा की रे पोरांनो!" सगळे एवढे हसले की बाज टेकवावी लागली.

त्या दिवशी आषाढी पौर्णिमा होती. पन्हाळ्याच्या माणसाला या तिथीचं काय ते सांगावं लागत नाही. १६६० च्या आषाढात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात राजदिंडीनं उतरले ते पालखीतूनच. खालच्या नेबापूरचा शिवा काशीद, जातीनं नाभिक, महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि मारला गेला. बाजीप्रभूंचा पुतळा गडावर आहे, शिवा काशीदांची समाधी आहे. शाळेत असताना आम्ही दोन्ही ठिकाणी फुलं वाहायला जायचो. पण त्या पालख्या ज्यांनी उचलल्या, चिखलात ज्यांचे पाय रुतले, ज्यांनी अंधारात खांदे बदलले, त्या भोयांची नावं कुठं वाचल्याचं मला आठवत नाही. बाजेच्या बाजूनं चालताना पहिल्यांदाच मनात आलं, त्या रात्री कुणी त्यांना पाणी विचारलं असेल का?

खाली जीप मिळाली. कोल्हापूरची वाट पुराच्या पाण्यानं अडलेली, म्हणून वाघबिळावरून कोडोलीला नेलं. मी पाकिटातून नोटा काढल्या. गॅसवाल्यानं माझा हात मागं सारला. "ताई, टाकीचं पैसं घेतो मी. आईचं न्हाई." आणि माझ्या ओट्यावर ठेवलेली टाकी पोचवायला तो तसाच पुन्हा गड चढायला लागला.

घंटागाडीवरचा पोरगा मात्र आमच्याबरोबर कोडोलीला आला. "रात्रीचं बापय मानूस असावं सोबतीला," म्हणाला. आईला आत घेतल्यावर आम्ही दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो. त्यानं कुठून तरी दोन कागदी कपांतून चहा आणला. मी त्याला विचारलं, तू कुणाचा? तेव्हा कळलं, तो आक्काचा नातू. आक्का जाऊन बरीच वर्षं झालेली.

मला एकदम भरून आलं. मी त्याला कपाची गोष्ट सांगायला लागले. आईनं तो कसा फोडला, आजी कशी रुसली. बोलण्यात थोडा अभिमान आला असेलच. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "आमची आज्जी तुमच्यातला च्या पीत न्हवती, म्हाईत हाय का तुमास्नी?"

"म्हणजे?"

"त्या कपातला न्हाई प्याली कधी. तुमची आज्जी आत वळली की जास्वंदीच्या बुडात वतायची. कप इसळून ठेवायची जाग्यावर."

मी गप्प झाले. त्या जास्वंदीची फुलं आजी रोज सकाळी गणपतीला वाहायची.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग कप फुटला, त्याचं काय म्हणायच्या त्या?"

"कपाचं न्हाई कधी बोलली. ती एकच सांगायची, वैनी माज्यासंगं पायरीवर बसली."

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरानं पन्नास वर्षं ज्या कपाचं श्रेय मनात जपलं, त्या कपाचा आक्काच्या वहीत जमाखर्चच नव्हता. फराळाच्या पाट्या, तिळगूळ, जोंधळे, कशाचाच नव्हता. होती ती पायरी. शेजारी बसलेली एक बाई, आणि दोघींनी मिळून बघितलेला पाऊस. वरून ओतलेलं, मग ते कितीही भरून ओतलेलं असो, झाडाच्या बुडात गेलं होतं.

आई पुढं वॉकर घेऊन चालायला लागली. पुन्हा गडावर आली. पाचही जणांची नावं तिनं माझ्याकडून कालनिर्णयाच्या जुलैच्या पानामागं लिहून घेतली, आडनावांसह, आणि ते पान देवघराच्या खणात ठेवलं. ती नावं मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, मी एकदा विचारलं तर वायरमन म्हणाला, "काय वं ताई, पेपरात नाव यायला काय मेलो का काय आम्ही?" २०२३ साली आई गेली, तेव्हा खांद्याला तेच होते. मास्क तेवढे नव्हते.

११ जुलै २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांतला एक. गडावर फटाके वाजले. त्यानंतर काही दिवसांनी मी घर उघडायला गेले होते. सकाळी घंटागाडी आली तेव्हा आक्काच्या नातवाला म्हटलं, आता तुमचा गड साऱ्या जगाचा झाला. तो म्हणाला, "व्हय. आता साऱ्या जगाच्या बाटल्या उचलायच्या." आणि मग म्हणाला, "तुमी आमच्याकडं कवा येतासा? आज्जीपासनं आमीच येतोय तुमच्याकडं."

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाणी, गूळ, सुट्टे पैसे, शाबासकीच्या चार ओळी, सगळं आमच्या उंबऱ्यावरून बाहेर जाणारं. त्यांचा उंबरा मी ओलांडला नव्हता.

त्याच संध्याकाळी गेले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि शाहू महाराज शेजारी शेजारी. त्याच्या बायकोनं चहा केला. सगळ्यांना स्टीलच्या गल्लासातून, आणि मला एकटीला फळीवरून काढलेल्या, सोनेरी काठाच्या नव्या कपबशीतून. कप धुऊन पुसून माझ्यापुढं ठेवला गेला आणि घरातली सगळी उभीच राहिली, मी घोट घ्यायची वाट बघत.

मी त्या कपाकडं बघत राहिले. पुन्हा एकदा वेगळा कप. या खेपेला मानाचा, पण वेगळाच.

"मलाबी गल्लासातच द्या की," मी म्हटलं, "आणि बसा सगळी."

ती गोंधळली. नवऱ्याकडं बघितलं. तो हसला, त्यानं कपातला चहा गल्लासात ओतला आणि माझ्या हातात दिला. गल्लास एवढा तापलेला की धरवेना. मी पदरात धरला, आणि दाराच्या पायरीवर त्याच्या आईशेजारी जाऊन बसले. बाहेर पाऊस लागला होता.